अमेरिकेत छोटं विमान उडवताय? मग पोर्टेबल एडीएस-बी घेण्याआधी हे वाचा

प्रायव्हेट पायलटचं लायसन्स हातात आलं की पहिल्या महिन्याभरात जी खरेदी होते त्यात एक बरा हेडसेट असतो, आयपॅडचा माउंट असतो आणि तिसरा असतो तो "एडीएस-बीचा छोटा डबा", म्हणजे विमानांच्या जागा रेडिओवरून सांगायच्या-ऐकायच्या यंत्रणेचा. न्यू जर्सी असो, बे एरिया असो की डॅलस, फ्लाइंग क्लबात दोन मराठी माणसं भेटली की हा विषय निघतोच, आणि विचारणा साधारण एकच असते, की बाबा काचेला चिकटवायचा पोर्टेबल डबा घेतला तर विमानाने आपली जागा प्रसारित करायचा नियम पाळल्यासारखं होतं ना, मग विमानात हजारो डॉलर कशाला ओतायचे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. दुसऱ्यांची पोझिशन आणि हवामान नुसतं घेणारा पोर्टेबल डबा खुशाल वापरा. पण तुमची स्वतःची पोझिशन प्रसारित करणारा पोर्टेबल डबा अमेरिकेत चालत नाही, मग तो कितीही महागाचा असो आणि यूकेतला तुमचा मावसभाऊ तोच डबा रोज कायदेशीरपणे वापरत असो. हा लेख एन-नंबरची, म्हणजे अमेरिकेत नोंदलेली, विमानं पार्ट ९१ या खाजगी उड्डाणांच्या नियमांखाली उडवणाऱ्या नव्या मंडळींसाठी आहे, म्हणजे स्वतःचं विमान असलेले, क्लबात शेअर असलेले आणि भाड्याने उडवणारे, सगळेच.

पहिली पायरी: डबा घेतो की देतो ते बघा

एडीएस-बीचे दोन भाग आहेत. आउट म्हणजे तुमचं विमान साधारण दर सेकंदाला आपली जागा, उंची, वेग आणि ओळख रेडिओवरून सांगत राहतं. इन म्हणजे बाकीच्यांचं आणि जमिनीवरच्या स्टेशनांचं तुम्ही ऐकता आणि ते आयपॅडवर दिसतं. २ जानेवारी २०२० पासून जी सक्ती आली ती फक्त आउटची आहे, इनची सक्ती कोणावरच नाही. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण जाहिरातीत नुसतं "एडीएस-बी" असं मोठ्या अक्षरात असतं आणि इन की आउट ते खाली बारीक अक्षरात.

सेंट्री, स्ट्रॅटस, गार्मिनचा जीडीएल ५०, रास्पबेरी पाय वापरून घरी जोडायचा स्ट्रॅटक्स, हे सगळे रिसीव्हर आहेत, म्हणजे इन. यातला कुठलाही घेतलात तरी एटीसीला, म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोलला, तुमच्याबद्दल काडीचीही जास्त माहिती मिळत नाही. तुमच्या आयपॅडवर दहा विमानं दिसतायत म्हणून त्या दहांना तुम्ही दिसताय असं अजिबात नाही, आणि नवा पायलट नेमका हेच गृहीत धरतो.

उलट स्कायएको २ सारखा डबा ट्रान्सीव्हर आहे, तो १०९० मेगाहर्ट्झवर स्वतः प्रसारण करतो. दिसायला दोघे सारखेच, मुठीत मावणारे, सक्शन कपने काचेला चिकटणारे. म्हणून सेकंडहँड घेताना फोटोवर जाऊ नका, मॅन्युअलमध्ये ट्रान्समिट पॉवर किती वॅट असं काही लिहिलंय का ते बघा. वॅटचा आकडा दिसला की तो डबा बोलणारा आहे आणि पुढचं सगळं प्रकरण त्याला लागू.

दुसरी पायरी: तुम्ही उडता तिथे आउट लागतं का

नियमाचा नंबर ९१.२२५. एअरस्पेसचे अक्षरांनी ओळखले जाणारे क्लास असतात, त्यातल्या क्लास ए, बी आणि सी मध्ये आउट लागतंच. क्लास बी आणि सी च्या डोक्यावरही १०,००० फुटांपर्यंत लागतं. १०,००० फुटांच्या वर क्लास ई मध्ये लागतं, फक्त डोंगराळ भागात जमिनीपासून २,५०० फुटांपर्यंतचा पट्टा सोडून. मेक्सिकोच्या आखातावर किनाऱ्यापासून १२ नॉटिकल मैलांपर्यंत ३,००० फूट आणि वर लागतं. आणि आपल्या लोकांना सगळ्यात जास्त लागू होणारं म्हणजे मोड सी व्हेल, मोठ्या क्लास बी विमानतळाभोवती ३० नॉटिकल मैलांचं वर्तुळ, जमिनीपासून १०,००० फुटांपर्यंत. सेक्शनल चार्टवर बारीक मॅजेंटा रेषेचं मोठं वर्तुळ असतं आणि त्यावर ३० एनएम असं लिहिलेलं असतं, तेच.

आता न्यू जर्सीचं उदाहरण घ्या. प्रिन्स्टनचं विमानतळ छोटंसं, टॉवर नाही, आजूबाजूला झाडी, बघून कोणालाही वाटेल की इथे कसले नियम, पण नवार्कपासून ते अंदाजे २८ नॉटिकल मैलांवर आहे, म्हणजे व्हेलच्या आत, त्यामुळे रनवेवरून चाकं सुटण्याआधीच आउट चालू पाहिजे. मॅनव्हिलजवळचं सेंट्रल जर्सी तर आणखी आत. पलीकडे बे एरियात पालो आल्टो सॅन फ्रान्सिस्कोच्या व्हेलमध्ये येतं. शनिवारी अटलांटिक सिटीला जाऊन जेवून येऊ म्हटलं तर तिथे क्लास सी. म्हणजे आपली वस्ती जिथे दाट आहे त्या शहरांभोवती आउटशिवाय फार काही करता येत नाही, आणि जिथे करता येतं अशा खेड्यातल्या विमानतळांवर आपण सहसा राहत नाही.

एक सवलत आहे. ज्या विमानाला कारखान्यातून निघताना इंजिनवर चालणारी इलेक्ट्रिकल सिस्टीमच नव्हती आणि नंतरही बसवलेली नाही, म्हणजे जुना पायपर कब वगैरे, शिवाय बलून आणि ग्लायडर, यांना व्हेलमध्ये आउटशिवाय उडता येतं, फक्त क्लास ए, बी, सी च्या बाहेर आणि बी-सी च्या छताच्या खाली राहायचं. पण बी किंवा सी च्या डोक्यावरून जायचं असेल तर ही सवलत उपयोगाची नाही.

तिसरी पायरी: विमानात आधीच काय बसवलंय ते बघा

भाड्याने उडवणाऱ्यांनी हे आधी करा आणि मग पैसे खर्च करा. २०२० नंतर शहरांजवळच्या ट्रेनिंग विमानांत आउट बसवलेलं असतंच, नाहीतर शाळेचा धंदाच चालणार नाही. पॅनेलवर गार्मिनचा जीटीएक्स ३३५ हा ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारला उत्तर देणारा रेडिओ, दिसला तर आउट आहे. जीटीएक्स ३४५ असला तर आउटही आहे आणि इनही, आणि तो ब्लूटूथने थेट आयपॅडला जोडता येतो, म्हणजे ज्या पोर्टेबल रिसीव्हरसाठी तुम्ही पैसे साठवताय तो तुम्हाला लागतच नाही! क्लबातल्या अर्ध्या लोकांना हे माहीत नसतं, ते खिशातून डबा काढून त्याच विमानात चिकटवतात.

पॅनेलवर काही दिसलं नाही तर इक्विपमेंट लिस्ट आणि फ्लाइट मॅन्युअलमागची सप्लिमेंटं चाळा, कारण काही वेळा आउट पंखाच्या टोकावरच्या लाइटमध्ये असतं आणि कॉकपिटात त्याचं नामोनिशाण नसतं. तरी नाही कळलं तर शाळेच्या मेकॅनिकला विचारा, लाजू नका. नियम पाळायची जबाबदारी उडवणाऱ्यावर असते, "मला कोणी सांगितलंच नाही" हे तिथे चालत नाही.

चौथी पायरी: पोर्टेबल आउट का चालत नाही ते समजून घ्या

हे नीट कळलं की बाकीचं आपोआप कळतं, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिलं कारण सरळ आहे, ९१.२२५ म्हणतो की उपकरण विमानात बसवलेलं पाहिजे. सक्शन कपने चिकटवणं म्हणजे बसवणं नव्हे. दुसरं कारण म्हणजे ९१.२२७ मधले परफॉर्मन्सचे आकडे. प्रत्येक प्रसारणाबरोबर विमान आपली जागा तर सांगतंच, वर ती जागा किती भरवशाची आहे तेही सांगतं. एनएसीपी किमान ८ पाहिजे, म्हणजे जागेतली चूक ०.०५ नॉटिकल मैलाच्या, साधारण ९३ मीटरच्या आत. एनआयसी किमान ७, म्हणजे ०.२ नॉटिकल मैलाच्या वर्तुळात जागेची खात्री. एसडीए, म्हणजे यंत्रणेच्या रचनेचा भरवसा, किमान २. आणि एसआयएल ३, म्हणजे जागा त्या वर्तुळाबाहेर निघाली आणि कोणाला कळलंच नाही असं होण्याची शक्यता दर तासाला एक कोटीत एकपेक्षा जास्त नसावी.

इथेच पोर्टेबल डबे अडकतात. स्कायएकोसारखा डबा एसआयएल १ सांगतो, तिथे हीच शक्यता हजारात एक धरलेली असते. त्याचा जीपीएस वाईट आहे असं नाही, बहुतेक वेळा तो अगदी अचूक जागा दाखवेल. पण एटीसीला दोन विमानांमधलं अंतर राखायला हीच जागा वापरायची असते आणि तिथे "बहुतेक वेळा" पुरत नाही. म्हणूनच आयपॅडचा किंवा साध्या हँडहेल्ड जीपीएसचा सिग्नल ट्रान्सपाँडरला जोडून काम भागवायची आयडिया कोणी दिली तर तिकडे लक्ष देऊ नका, जीपीएसही त्या दर्जाचा लागतो.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक विमानाला २४ बिटांचा एक ठरलेला पत्ता असतो, एन-नंबरवरूनच तो निघतो, आणि तो विमानाचा असतो, पायलटचा नाही. पोर्टेबल डबा मात्र पायलटबरोबर फिरतो. आज सेसना, उद्या पायपर, परवा मित्राचं विमान, आणि दर वेळी कोणी पत्ता बदलेलच असं नाही. म्हणजे एका गाडीची नंबरप्लेट काढून दुसरीला लावून हायवेवर निघाल्यासारखं. त्यात ज्या विमानात बसवलेलं आउट आहेच त्यात हा डबाही चालू केला तर एकाच विमानाची दोन प्रसारणं सुरू होतात, आणि शेजारच्याच्या स्क्रीनवर तुमच्याच बाजूला एक भुताटकीचं विमान दिसायला लागतं, कधीकधी तुमच्या स्वतःच्या स्क्रीनवरही.

उंचीचंही असंच आहे. ट्रान्सपाँडर जी प्रेशर अल्टिट्यूड सांगतो ती आणि एडीएस-बी सांगतं ती एकाच सोर्सची पाहिजे. पोर्टेबल डब्यात स्वतःचा सेन्सर असतो, तो केबिनमधलं प्रेशर मोजतो, आणि हीटर, व्हेंट, उघडी खिडकी यांनी ते थोडंफार हलतं. अँटेनाही केबिनमध्येच, मग एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला पंख आणि मध्ये तुमचं डोकं, कुठल्या दिशेला सिग्नल पोचेल ते सांगता येत नाही.

पाचवी पायरी: "पण यूकेत तर चालतं" याचं काय

चालतं, खरंय. यूकेच्या सिव्हिल एव्हिएशन अथॉरिटीने २०१६ मध्ये सीएपी १३९१ नावाचं प्रकाशन काढलं, त्यात असे कमी ताकदीचे पोर्टेबल डबे हलक्या विमानांत ठेवायला मान्यता आहे, आणि २०२० मध्ये तर घेणाऱ्याला निम्मी किंमत, जास्तीत जास्त २५० पाउंड, परत द्यायची योजनाही आणली. ऑस्ट्रेलियातही व्हीएफआर, म्हणजे बाहेर नजर ठेवून, उडणाऱ्यांना २०२० पासून असे डबे चालतात आणि तिथल्या सरकारनेही पुढे रिबेट दिली.

फरक हेतूत आहे. तिकडे छोट्या विमानांनी एकमेकांना दिसावं, टक्कर टळावी, एवढ्यासाठी हे डबे स्वेच्छेने ठेवायचे, न दिसण्यापेक्षा थोडं कमी भरवशाचं दिसणं बरं. अमेरिकेत आउट हे एटीसीच्या सर्व्हेलन्सचं साधन धरलंय, म्हणून दर्जा वरचा. माझं मत विचाराल तर इलेक्ट्रिकल सिस्टीम नसलेल्या कबवाल्याला पोर्टेबल आउट वापरू दिलं तर हवेत सगळ्यांचाच फायदा होईल, पण आज तसा नियम नाही आणि उडायचंय ते आजच्या नियमात. एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने, २०१४ मध्ये टीएसओ-सी१९९ हे उपकरणाचं मानक काढून अशा विमानांसाठी ट्रॅफिक अवेअरनेस बीकन नावाचा एक हलका दर्जा ठेवलाय, पण तेही विमानात बसवायचंच उपकरण आहे आणि त्याने व्हेलमधली सक्ती पूर्ण होत नाही.

तेव्हा लंडनहून येणाऱ्या कोणाकडून स्कायएको मागवून घेण्याची कल्पना डोक्यातून काढा. आलाच असेल तर त्याचं ट्रान्समिट बंद ठेवून नुसता रिसीव्हर म्हणून वापरा.

सहावी पायरी: कायदेशीर आणि त्यातल्या त्यात स्वस्त काय

पोर्टेबल नाही म्हणजे लगेच सगळं पॅनेल उपसावं लागतं असंही नाही. यूएव्हिऑनिक्सचा स्कायबीकन डाव्या पंखाच्या टोकावरच्या नेव्हिगेशन लाइटच्या जागी बसतो, टेलबीकन शेपटीवरच्या लाइटच्या जागी. जुना लाइट काढायचा, त्याच वायरवर हा लावायचा, जीपीएस आणि अँटेना आतच असतात, आणि स्क्वॉक कोड, म्हणजे ट्रान्सपाँडरवर लावलेला चार आकडी नंबर, आणि उंची तो तुमच्या जुन्या ट्रान्सपाँडरकडून उचलतो. म्हणजे जुना मोड सी, म्हणजे उंचीही सांगणारा, ट्रान्सपाँडर नीट चालता पाहिजे, तो मेला तर हाही आंधळा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. हे दोन्ही ९७८ मेगाहर्ट्झवर चालतात, त्याला यूएटी म्हणतात, आणि ते १८,००० फुटांच्या खाली आणि अमेरिकेतच धरलं जातं. कॅनडा किंवा मेक्सिकोला जायचा विचार असेल तर १०९० वालाच घ्या, आणि कॅनडाच्या क्लास ए-बी साठी विमानाच्या वरच्या बाजूलाही अँटेना लागतो, त्यामुळे टोरांटोच्या बहिणीकडे विमानाने जाऊ असं मनात असेल तर एव्हिऑनिक्स शॉपला आधीच सांगा.

घेताना पाटी वाचा. १०९० वाल्यावर टीएसओ-सी१६६बी, यूएटीवर टीएसओ-सी१५४सी असं पाहिजे. होमबिल्ट म्हणजे एक्सपेरिमेंटल विमानात टीएसओची पाटी नसली तरी चालते पण ९१.२२७ चे आकडे तिथेही पुरे पडले पाहिजेत, त्यात सूट नाही. लाइट स्पोर्ट विमान असेल तर बनवणाऱ्या कंपनीची परवानगी लागते.

बसवायचं काम सर्टिफाइड विमानात ए अँड पी, म्हणजे एफएएचं प्रमाणपत्र असलेल्या, मेकॅनिककडूनच, आणि लॉगबुकात त्याची नोंद सहीसकट घ्या. कागद नसेल तर विमान विकताना, इन्शुरन्सला, एफएएच्या अचानक होणाऱ्या रॅम्प चेकला, सगळीकडे त्रास. ट्रान्सपाँडरची तपासणी दर २४ महिन्यांनी असतेच, ती जवळ आली असेल तर दोन्ही कामं एकदमच करून घ्या, शॉपवाले एकाच भेटीत उरकतात. एफएएची ५०० डॉलरची रिबेट केव्हाच संपली, कोणी अजून मिळते म्हणून सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

सातवी पायरी: पत्ता टाकताना घाई नको

उपकरण बसवलं की ते सेट करावं लागतं, स्कायबीकनमध्ये तर मोबाइलच्या ॲपवरूनच, आणि खूप घोटाळे इथेच होतात. एफएएच्या रजिस्ट्रीत आपला एन-नंबर टाकला की मोड एस कोड, म्हणजे वर सांगितलेला २४ बिटांचा पत्ता, दोनदा दिसतो, एकदा ऑक्टलमध्ये, एकदा हेक्समध्ये. उदाहरणार्थ एन१ या नंबरचा ऑक्टल ५०००००० च्या पुढे एक १, म्हणजे ५०००००१ नव्हे तर ५००००००१, पूर्ण आठ अंक, आणि हेक्स ए००००१, सहा अक्षरं. एक शून्य इकडेतिकडे झालं तर डोळ्याला कळतसुद्धा नाही. एन-नंबरच्या विमानांचा ऑक्टल नेहमी ५ ने सुरू होतो आणि हेक्स ए ने, एवढं पाहिलं तरी निम्म्या चुका तिथेच पकडल्या जातात. सेटअपच्या स्क्रीनवर कुठला मागितलाय ते वाचा, तो रजिस्ट्रीतून बघून टाका, आणि मग दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा.

त्याचबरोबर फ्लाइट आयडीमध्ये टेल नंबर पुढच्या एनसकट टाका आणि विमानाची कॅटेगरी लाइट ठेवा. विमानाचा एन-नंबर पुढे बदलला तर पत्ताही बदलतो, नवा कोड टाकायचं मेकॅनिकला आठवण करून द्या.

आठवी पायरी: फुकटचा रिपोर्ट मागवा

ही पायरी लोक गाळतात आणि मला त्याचं नवल वाटतं, कारण यात एक पैसा लागत नाही. एफएएच्या साइटवरून पब्लिक एडीएस-बी परफॉर्मन्स रिपोर्ट मागवता येतो, सगळे त्याला पॅपर म्हणतात. नियम लागू असलेल्या एअरस्पेसमध्ये अर्धा तास तरी उडून या, थोडी वळणं घ्या, सरळ रेषेत उडून काही कळत नाही, आणि मग टेल नंबर, तारीख, ईमेल भरून टाका, रिपोर्ट थोड्या वेळात मेलवर येतो. त्यातल्या वेळा झुलू, म्हणजे यूटीसी, असतात, त्यामुळे न्यू जर्सीत संध्याकाळी उशिरा उडालात तर तारीख पुढच्या दिवसाची दिसेल, घाबरू नका.

रिपोर्टमध्ये वर सांगितलेले सगळे आकडे ओळीने येतात, एनआयसी, एनएसीपी, एसआयएल, एसडीए, मग उंची, स्क्वॉक, फ्लाइट आयडी. जिथे गडबड आहे तो रकाना लाल. एखादा सेकंद इकडेतिकडे झाला, स्टीप टर्नमध्ये अँटेना झाकला गेला, तर तेवढ्याने लाल होत नाही, टक्केवारी बघतात. लाल दिसलं तर रिपोर्ट तसाच शॉपला पाठवा, "नीट चालत नाही" असं फोनवर सांगण्यापेक्षा तो कागद जास्त बोलतो.

हे न करता तसंच उडत राहिलात तर? एफएएकडे ज्या विमानांचं प्रसारण दर्जाला धरून नाही त्यांची नोंद होते आणि मालकाला पत्र येतं. गडबड मोठी असेल तर विमान नो सर्व्हिसेस एअरक्राफ्ट लिस्टमध्ये टाकतात. मग तुमचं एडीएस-बी एटीसीच्या स्क्रीनवरून गाळलं जातं आणि तुम्हाला जमिनीवरच्या स्टेशनांकडून मिळणारी टीआयएस-बीची ट्रॅफिक सेवाही बंद होते. बाकी सगळं चालू दिसत असल्याने पायलटला कळत नाही, म्हणून वर्षातून एकदा पॅपर मागवायची सवय लावून घ्या. भाड्याच्या विमानाचाही मागवता येतो.

नववी पायरी: बंद करायचं नाही, आणि बिघडलं तर काय

विमानात आउट बसवलेलं असेल तर ते नेहमी प्रसारण करत राहिलं पाहिजे, नियम लागू नसलेल्या एअरस्पेसमध्येसुद्धा. एटीसीने सांगितलं तर किंवा काही सरकारी कामगिरीत तशी परवानगी असेल तरच बंद. सध्या काही विमानतळ एडीएस-बीच्या डेटावरून लँडिंग फीची बिलं पाठवतात म्हणून लोक चिडलेत आणि ती चीड रास्त आहे, पण म्हणून ब्रेकर ओढायचा नाही. ओळख लपवायची तर सरळ मार्ग आहेत, यूएटीवाल्यांना १२०० स्क्वॉकवर व्हीएफआर उडताना अनामिक मोड मिळतो, एटीसीचं फ्लाइट फॉलोइंग, म्हणजे वाटेतल्या विमानांच्या सूचना, घ्यायचं नसेल तर, आणि १०९० वाल्यांना एफएएकडून प्रायव्हसीचा वेगळा पत्ता मागता येतो.

हवेत असताना आउट बंद पडलं तर एटीसीला सांगा, ते म्हणतील तसं करा. जमिनीवरच बंद पडलं आणि दुरुस्तीला दुसऱ्या विमानतळावर न्यायचंय तर ॲडॅप्ट नावाचं एफएएचं ऑनलाइन साधन आहे, उड्डाणाच्या २४ तासांच्या आत आणि निदान एक तास आधी परवानगी मागायची. ट्रान्सपाँडर मात्र चालू हवा. नवार्क, जेएफके, लाग्वार्डियासारख्या गर्दीच्या ठिकाणांसाठी ती मिळेल अशी आशा धरू नका, आणि दर शनिवारी ॲडॅप्ट भरून आउटशिवाय उडायची सोय म्हणून तर ते नाहीच.

दहावी पायरी: इनचा पोर्टेबल डबा कसा वापरायचा

हे करायला मोकळीक आहे, पण दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. व्हीएफआरमध्ये खाजगी उड्डाणात पोर्टेबल उपकरणांवर ९१.२१ ची बंदी लागत नाही, आयएफआरमध्ये, म्हणजे यंत्रांच्या भरवशावर उडताना, मात्र ते विमानाच्या यंत्रणेत गडबड करत नाही हे ठरवायची जबाबदारी उडवणाऱ्याची. सक्शन कप किंवा क्लिप ठीक, पण स्क्रू मारून किंवा विमानाच्या वायरिंगला कायमचा जोडायचा असेल तर ते विमानातलं काम झालं, मेकॅनिकला विचारा. उन्हाळ्यात विमान रॅम्पवर उभं करून डबा ग्लेअरशील्डवर सोडून जाऊ नका, आत लिथियम बॅटरी आहे आणि टेक्सासच्या ऊनात काय होतं ते सांगायला नको. होकायंत्राच्या जवळही ठेवू नका.

ट्रॅफिकचं एक इंगित आहे. जमिनीवरची स्टेशनं रडारवर दिसणाऱ्या, पण एडीएस-बी नसलेल्या विमानांची माहिती टीआयएस-बीने पाठवतात, पण ती आउट असलेल्या विमानासाठीच, त्याच्याभोवती १५ नॉटिकल मैल आणि वर-खाली ३,५०० फूट एवढ्या भागापुरती. तुमच्याकडे आउट नसेल आणि नुसता रिसीव्हर असेल तर तुम्हाला दुसऱ्या कोणाच्यातरी भागातलं उष्टं मिळतं, त्यात तुमच्या शेजारचं विमान असेलच असं नाही. स्क्रीन रिकामी म्हणजे आकाश रिकामं असं धरून मान खाली घालून बसू नका.

आणि पावसाचा नकाशा. रडारचं जे रंगीत चित्र येतं त्यावर "५ मिनिटांपूर्वीचं" असं दिसलं तरी त्यातली पावसाची माहिती त्याहून १५-२० मिनिटं जुनी असू शकते, असा इशारा अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीने २०१२ मध्येच दिलाय. दोन ढगांमधली फट त्या चित्रावर बघून आत घुसायचं नाही, लांबून वळसा घालायला मात्र तेच चित्र फार कामाचं आहे.

सुट्टीत भारतात जाताना

हे थोडं विषयाबाहेर आहे पण सांगतोच. फ्लाइट बॅग तशीच उचलून पुण्याला किंवा गोव्याला घरी जाऊ नका. भारतात रेडिओ ट्रान्समीटर परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आणि फ्लाइट बॅगेत आपण हँडहेल्ड रेडिओ, सॅटेलाइट कम्युनिकेटर असं काय काय ठेवून विसरतो. २०२४ च्या अखेरीस गोव्याच्या विमानतळावर बॅगेत सॅटेलाइट कम्युनिकेटर सापडला म्हणून एका परदेशी प्रवासी बाईंना पोलिसांनी ताब्यात घेतल्याची बातमी आली होती, त्या बिचाऱ्या ट्रेकिंग-धावण्यासाठी तो वापरायच्या. निघायच्या आदल्या रात्री बॅग रिकामी करा, हेडसेट आणि लॉगबुक न्या, अँटेना असलेलं जे जे काही असेल ते घरी कपाटात ठेवा.